भाऊजींचा पत्ता

१२ फेब्रुवारी

ताई,

तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून लिहितो. अगदीच वाचायचं नसेल तर आईला वाचून दाखव, म्हणजे आपोआप वाचून होईल.

पोचलो. गाडी इतकी थांबत थांबत आली की शेवटी शेवटी मीच तिला ढकलत आणतोय असं वाटायला लागलं. आम्हा शिकाऊ वैमानिकांना राहायला एक लांबलचक पत्र्याची खोली आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मध्ये एक शेगडी. शेगडीजवळच्या खाटा आधी आलेल्यांनी पटकावल्यात. माझ्या शेजारच्याला सगळे उंट म्हणतात, कारण त्याचे पाय खाटेच्या बाहेर येतात आणि मान पायांपेक्षा लांब आहे. मला 'पाव' म्हणतात. तुझ्यामुळे. तू मला माळ्यावर जाऊन माझी ट्रंक काढू दिली नाहीस ना, "वर उंदरांचं औषध टाकलंय, जाऊ नकोस" म्हणालीस, म्हणून मी पिठाच्या पोत्यात कपडे भरून आलो. पहिल्याच दिवशी शर्ट झटकला आणि आख्खी खोली शिंकली. बेकरीवाला आहे हे लपवायची सोयच राहिली नाही.

बूट एक नंबर मोठे मिळालेत. बदलून मागितले तर कोठीवाला म्हणाला, "पाय वाढतील."

स्टेशनवर आली नाहीस ते ठीक आहे. पण दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा नाही? मी "येतो" म्हणालो तेव्हा तू माझ्याकडे पाठ करून पीठ मळत होतीस, आणि ते ओट्यावर असं आपटत होतीस की मला वाटलं मीच आहे. मी काय वाईट बोललो, ताई? आदल्या आठवड्यात जेवताना एवढंच म्हणालो की भाऊजी बेपत्ता झाले, ते काही मी नुसता बसून बघणार नाही, मी हवाई दलात नाव घातलंय. मला वाटलं होतं तू रडशील, किंवा जवळ घेशील. तू ताट तसंच टाकून उठलीस. तुझ्याच नवऱ्यासाठी चाललोय आणि तूच रागावलीस. मी गाडीत सगळा वेळ हेच उलटंपालटं करून बघत होतो आणि मला ते कुठल्याच बाजूने कळलं नाही.

पाकिटं न चिकटवता द्यायची असतात. इथले एक साहेब सगळी पत्रं आधी वाचतात, नको ते असेल तर काळ्या शाईने पुसतात. तेव्हा साहेब, तुम्हालाही नमस्कार. आमच्या घरचं भांडण आहे, युद्धाचं यात काही नाही.

तुझा धाकटा

४ मार्च

ताई,

आईचं पत्र आलं. ती लिहिते सगळं छान चाललंय, तू बरी आहेस, दुकान चालतंय, तिचे गुडघे बरे आहेत. एकही गोष्ट खरी वाटली नाही, पण वाचून बरं वाटलं.

मी उडलो! म्हणजे उडवला गेलो. विमान दोन सीटचं. पुढे मी, मागे आमचे शिकवणारे सर. त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात म्हणून आम्ही त्यांना काका म्हणतो, अर्थात ते नसताना. ते मागून एका नळीतून बोलतात आणि ते थेट माझ्या कानात येतं. पहिल्या दिवशी नळीतून आलेलं पहिलं वाक्य असं: "टोपीत ओक, विमानात नको." त्यांना माझ्याआधी कसं कळलं कोण जाणे.

पण सांगायचं ते वेगळंच. परवा आम्ही ढगात शिरलो. चहूकडे नुसतं पांढरं, पिठाच्या कोठीत डोकं घातल्यासारखं. मला शंभर टक्के खात्री होती की विमान सरळ चाललंय. काका ओरडले, "काटा बघ!" काटा म्हणत होता की आपण डावीकडे कललोय. मी म्हटलं काटा बिघडलाय. काका म्हणाले, "काटा बघ, गाढवा!" मग मला वाटलं काकाही बिघडलेत. ढगाबाहेर आलो तर जमीन माझ्या डाव्या खांद्याला टेकायला आली होती. खाली उतरल्यावर काका रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "तुला चुकीची खात्री फार पटकन होते. तेवढं सांभाळ." तेव्हापासून मला जिना उतरतानासुद्धा शंका येते.

एक उगाच विचारतो. भाऊजींच्या कानाला खूण होती ना, लहानपणी कुत्रा चावला होता ती? कोणत्या कानाला? आणि ते पीठ मळताना जिभेचं टोक दातात धरायचे, हे मला खरंच आठवतंय की मी मनानेच जोडलं? लगेच कळव. काही विशेष नाही.

तुझा धाकटा

२३ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं! अक्षर बघून मी खाटेवरून उठून उभाच राहिलो. उंटाला वाटलं कोणी साहेब आले, तोही उभा राहिला आणि त्याचं डोकं फळीवर आपटलं. मग उघडलं तर आत एकच ओळ. "कानाचं तुला काय करायचंय, अभ्यास कर, हा विषय परत लिहू नकोस."

एवढ्या दिवसांनी लिहिलंस आणि हे?

मी ठरवलं होतं की नक्की कळल्याशिवाय तुला सांगायचं नाही. पण तू असं दार लावून घेतलंस तर मी तरी किती वेळ बाहेर उभा राहू. तेव्हा सांगतो. बसून वाच.

आमच्याकडे इंजिनं बघायला एक नवीन फिटर आलाय. आधी आघाडीवर होता, हाताला भाजलंय म्हणून इथे पाठवला. मी बेकरीचा आहे हे कळल्यावर स्वतःच म्हणाला, "माझा जीव एका बेकरीवाल्याने वाचवलाय, पण त्याचं नाव मला माहीत नाही." मी म्हटलं, असं कसं? तर माघार घेताना ट्रकांच्या रांगेवर बॉम्ब पडले. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून मागे पळत आला आणि त्याने जळत्या ट्रकमधून माणसं ओढून काढली. तिघांना काढलं, त्यात हा. चौथ्याला काढता आलं नाही, तो आत ओरडत राहिला. मग दोघांनाही एकाच इस्पितळात नेलं. त्या ड्रायव्हरच्या डोक्याला मार होता, कागदपत्रं जळून गेली होती, आणि तो बोलतच नव्हता. नाव नाही, गाव नाही, काही नाही. बरा होत आला तसा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊन पाव करायला लागला, म्हणून सगळे त्याला बेकरीवाला म्हणायचे. फिटर म्हणतो, "पीठ मळताना जीभ अशी दातात धरायचा." आणि स्वतः करून दाखवलं, ताई. समोर फिटर होता आणि मला भाऊजी दिसले.

पावाची गाडी चालवायचे म्हणूनच तर सैन्याने भाऊजींच्या हाती ट्रक दिला होता ना? ट्रकड्रायव्हर, बेकरीवाला, जीभ दातात. आता तूच सांग.

पण काका म्हणाले तेही डोक्यात आहे. मला चुकीची खात्री पटकन होते. जीभ तर कितीतरी लोक दातात धरतात, उंट दाढी करतानाही धरतो. एका क्षणी वाटतं तेच आहेत, दुसऱ्या क्षणी वाटतं मी बघायचं तेच बघतोय. म्हणून कान विचारला होता.

इस्पितळ एका नदीकाठच्या शहरात आहे. आमच्या सरावाच्या मार्गापासून ते तसं फार लांब नाही. एवढंच लिहितो.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

ताई,

भाऊजी जिवंत आहेत.

हे मी कितीतरी वेळा लिहून बघितलं, अजून ते माझ्याच हातचं वाटत नाही. नीट सांगतो.

गेल्या आठवड्यात मला पहिल्यांदा एकट्याला लांब पाठवलं. नकाशा मांडीवर, होकायंत्र समोर, एका धावपट्टीवरून दुसरीवर जायचं आणि परत यायचं. मध्येच डावीकडे नदी दिसली. मी काही ठरवलं नव्हतं. पण हात वळले, आणि मग पुढचं सगळं हातांनीच केलं. शहराबाहेर गुरं चरत होती त्या कुरणात उतरलो. एक म्हैस शेवटपर्यंत हलायला तयार नव्हती, तिला वळसा घालून थांबलो. लोक धावत आले. मी सांगितलं इंजिन बिघडलंय, आणि त्यांना विमानाजवळ उभं करून इस्पितळाची वाट विचारली. त्यांना वाटलं मला लागलंय. एका बाईंनी तर दंडाला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

इस्पितळ म्हणजे आधीची शाळा. भिंतीवर अजून पाढे आहेत आणि खाली खाटा. एक वयस्कर नर्सबाई भेटल्या. मी बेकरीवाला म्हणताच त्या हसल्या. "तो होय! त्याच्यानंतर इथला पाव कोणी तोंडात घालत नाही." मी विचारलं कुठे आहे. म्हणाल्या, गेला. बरा झाला होता, हिंडत फिरत होता, एका सकाळी खाट रिकामी. पांघरुणाची घडी नीट केलेली. हे थंडी पडायच्या आधीचं. आणि ताई, त्यांनी न विचारता सांगितलं, डाव्या कानाला जुनी खूण, पाळी तुटलेली.

मी तिथेच बाकड्यावर बसलो. मग उठून कारकुनाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, हा माणूस माझा भाऊजी आहे. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. घरचा पत्ता विचारला, सांगितला. त्याने सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "बरं झालं आलात. वर कळवावं लागेल." मला इतका आनंद झाला होता की मी त्याचा हात सोडेना.

परत येऊन उतरलो तेव्हा आनंद संपला होता, कारण येताना वर एकच विचार सुरू झाला. थंडीच्या आधी ते चालत बाहेर पडले. पाय धड, डोकं धड. मग घरी का नाही आले? आठवण गेली म्हणावं, तर पाव कसा करायचा ते आठवतं. वाटेत काही झालं का? की ते आपल्याकडे यायचंच नाही म्हणून गेले? मला माफ कर, पण असंही मनात आलं. तुमचं काही भांडण झालं होतं का? मला काहीच कळेनासं झालंय. ते मेले असं समजत होतो तेव्हा निदान कुठे तोंड करून उभं राहायचं ते तरी कळत होतं.

माझं उडणं सध्या बंद आहे. मोठे साहेब चौकशी करणार आहेत. तोपर्यंत मी बटाटे सोलतो. काकांनी विचारलं, "इंजिन खरंच बंद पडलं होतं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मी स्वतः चालवून बघितलं, घड्याळासारखं चालतंय. शहाण्या, निदान एखादा प्लग तरी सैल करून ठेवायचास." आणि निघून गेले. माझ्या बाजूचे आहेत की नाहीत, तेही कळलं नाही.

तू काहीतरी लिही. रागावून लिही, पण लिही.

तुझा धाकटा

२ मे

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. उंटाला चार दिवसांची रजा मिळाली आहे, त्याची गाडी तुमच्या स्टेशनवरून जाते. तो तुझ्याच हातात देईल. त्याला आत काय आहे ते माहीत नाही आणि त्याने विचारलंही नाही. त्याला पोटभर खायला घाल, आणि वाचून झालं की हे भट्टीत टाक.

तू येऊन गेलीस, आणि त्या बाकावर मी निम्मं ऐकलं, निम्मं मला ऐकायचंच नव्हतं. म्हणून पुन्हा सगळं मांडून बघतोय. कुठे चुकत असेन तर तुला कळेल.

फाटकावरच्या शिपायाने सांगितलं, "तुझी बहीण आलीय." मी बटाट्याची सुरी हातात घेऊनच पळत आलो. तू बाकावर बसली होतीस, कोपरापर्यंत पीठ तसंच. म्हणजे माझं पत्र वाचून हातही न धुता गाडीत बसलीस. मला वाटलं तू आनंदाने आलीस. मी म्हटलं, "ताई, आपण त्यांना शोधून काढू." आणि तू माझ्या मुस्काटात मारलीस. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मग म्हणालीस, "शोधू नकोस. ते वर आहेत."

मला वाटलं वर म्हणजे देवाघरी. मी रडायलाच लागलो. तू मला गदागदा हलवलंस. "गाढवा, माळ्यावर. पिठाच्या पोत्यांच्या मागे. तू जायच्या आधीपासून."

माझं डोकं चालेना. मी विचारलं, "उंदरांचं औषध?" तू म्हणालीस, "कसले उंदीर."

ते मागच्या दाराने आले, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना. तू पाव बांधत होतीस. ते एवढंच म्हणाले, "मला परत पाठवू नकोस." तू गिऱ्हाईकाला पैसे परत देऊन दुकान बंद केलंस. तेव्हापासून ते वर आहेत. सैन्याच्या लेखी बेपत्ता, म्हणून कोणी शोधत नाही. जिवंत आहेत असं कळलं तर ते पळपुटे ठरतात, आणि पळपुट्यांचं काय करतात ते मला इथे पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवलं होतं. आणि मी बावळटाने एका कारकुनाला त्यांचं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, वर त्याचे आभार मानले.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तू म्हणालीस, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि सांगणारच होते. तेवढ्यात तू जेवताना उठून भाषण ठोकलंस. नाव घालून आला होतास, सही करून आला होतास. तेव्हा सांगितलं असतं तर तू गेला नसतास, आणि मग तुला शोधायला सैन्याचे लोक घरी आले असते."

आणि मग जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "तुझं सगळं भाषण त्यांनी वरून ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी भाकरतुकडा नीट खाल्लेला नाही. खाली उतरतो, त्याला थांबवतो, स्वतःला पकडून देतो, असं तीनदा म्हणाले. मीच शिडी काढून घेतली."

ताई, मी तुझ्यावर खूप चिडलो. तिथे बोललो नाही, आता लिहितो. ज्याच्यासाठी मी आलो तो माणूस माझ्या डोक्यावर बसला होता, आणि तू मला त्याच्या नावाने जाऊ दिलंस. मला त्यांचाही राग आला. इथली मुलं रोज वर जातात, काही परत येत नाहीत, आणि ते पोत्यांमागे. मग फिटर आठवला. ज्याने तीन माणसं आगीतून काढली त्याला भित्रा कसं म्हणायचं? तू म्हणालीस, आता भट्टी पेटवताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, कान झाकून. तुझ्याआधी उठून सगळं पीठ मळून ठेवतात, पण भट्टी तुलाच पेटवावी लागते. मी एकदा त्यांना शूर धरतो, एकदा पळपुटे धरतो, आणि दोन्ही वेळा ते तेच असतात.

मी विचारलं, "आईला माहीत आहे?" तू म्हणालीस, "आई रोज एक ताट जास्त वाढायला लावते, आणि कोणासाठी ते विचारत नाही."

आता तू गेल्यानंतरचं. यासाठीच खरं तर हे पत्र. चौकशीला बाहेरून वेगळेच एक साहेब आले होते. अंगाने बारीक, बोलायला गोड. मला खुर्ची दिली. आमचे मोठे साहेब होते, काका होते. टेबलावर माझी पत्रं होती, नक्कल करून ठेवलेली.

"हा इस्पितळातला माणूस तुमच्या बहिणीचा नवरा?"

"मला तसं वाटलं होतं, साहेब."

"आता?"

"आता नाही वाटत."

"पत्रात तर तुम्ही छातीठोक लिहिलंय. अचानक काय झालं?"

"मला कान माहीत नव्हता, साहेब. तुम्ही वाचलंच असेल, मी बहिणीला विचारत होतो. ती परवा स्वतः आली आणि म्हणाली उजवा. नर्सबाई डावा म्हणाल्या होत्या."

"बहीण एवढ्या लांब कानाचं सांगायला आली?"

माझ्या तोंडातून निघालं, "नाही साहेब, मला मारायला आली होती. मेलेल्या माणसाची आशा लावली म्हणून. फाटकावरच्या शिपायाने बघितलंय, त्याला विचारा."

त्यांनी शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, "हो साहेब, चांगली सणसणीत बसली." ताई, त्या एका थपडेसाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे.

साहेबांनी फोटो मागितला. मी म्हटलं, एकच आहे, पावाच्या गाडीत बसलेला, त्यात कान सावलीत आहे. त्यांनी माझं पत्र उचलून पुन्हा चाळलं. "पुरती खात्री नसताना तुम्ही सरकारी विमान कुरणात उतरवलंत?"

मी म्हटलं, "साहेब, मला खात्री नेहमीच असते. ढगातसुद्धा."

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "हे मात्र खरं आहे. याला जमीन कुठे आहे तेही चुकीचं पण ठामपणे माहीत असतं." मोठे साहेब हसले. बारीक साहेब हसले नाहीत, पण त्यांनी फाईल मिटली. जाताना म्हणाले, "पत्रं जपून लिहीत जा." हे धमकावणं होतं की सांभाळून घेणं, मला कळलं नाही. तेव्हा भाऊजींना निदान काही दिवस तरी माळ्यावरही ठेवू नकोस. आईच्या भावाकडे पीठ आणायला गाडी जाते ना, बघ काही जमतं का.

शेवटचं. तू गाडीत चढताना म्हणालीस, "नापास हो आणि घरी ये. तुला ते चांगलं जमतं." मी प्रयत्न केला, ताई. शपथ. उडायची परवानगी परत मिळाल्यावर पहिल्याच दिवशी ठरवलं, उतरताना विमान आपटायचं, म्हणजे घरी पाठवतील. धावपट्टी समोर आली आणि हात ऐकेनात. चाकं अशी अलगद टेकली की मलाच कळलं नाही कधी टेकली ते. खाली उतरल्यावर मागच्या सीटवरून काका म्हणाले, "हे उतरणं मी केलं असतं तर मला अभिमान वाटला असता." मला रडू आलं आणि त्यांना वाटलं मी खूश आहे. कदाचित होतोही.

तर मी घरी येत नाही. का, ते विचारू नकोस. भाऊजींसाठी नाही, ते कारण तर माळ्यावर पोत्यांमागे बसलंय असं तूच सांगितलंस. देशासाठी म्हणालो तर तू हसशील. उंट सोबत आहे म्हणून, काका शिकवतात म्हणून, मला पहिल्यांदा काहीतरी येतंय म्हणून. यातलं कुठलं खरं आहे ते कळलं की लिहीन.

उंटाला दुसऱ्यांदा वाढ. तो मागत नाही.

तुझा धाकटा

९ जून

ताई,

मी पास झालो. उंटही झाला, पण विमानात गुडघे मावत नाहीत म्हणून त्याला मोठ्या विमानांवर पाठवणार आहेत. आम्ही सकाळी एकमेकांचं सामान बांधत होतो आणि दोघंही दुसऱ्याच्याच वस्तू आपल्या पिशवीत कोंबत होतो. मला परवा निघायचं आहे. कुठे ते सांगायची परवानगी नाही आणि मलाही सांगितलेलं नाही, तेव्हा साहेबांनी पुसण्यासारखं इथे काही नाही.

फिटरला मी सांगितलं की तो माझा भाऊजी नव्हता. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "तो कुठे असेल तिथे धड असू दे, एवढंच." मी म्हटलं, असू दे.

त्या इस्पितळातल्या माणसाचं मी तुला लिहिलं ते सगळं विसरून जा. माझी चूक झाली. तो दुसराच कोणीतरी होता. मी उगाच तुला आशा लावली, आईलाही त्रास दिला. चौकशी करणाऱ्या साहेबांचाही वेळ घेतला. आता आपण हे मनाशी धरूया की भाऊजी युद्धातून परत येणार नाहीत, आणि त्यांची वाट बघणं सोडून देऊया. तू एकटी आहेस, तर दुकानाचं सगळं अंगावर घेऊ नकोस. मदतीला कोणी भेटलं तर ठेव. भट्टीचं काम ज्याला जमत नसेल त्याच्याकडून नुसतं पीठ मळून घे, तेवढं केलं तरी पुष्कळ आहे.

एक मात्र मनात राहिलंय. भाऊजी असते तर मी त्यांना सांगितलं असतं, की मी त्या दिवशी जेवताना जे बोललो ते मला काहीच माहीत नसताना बोललो. मी माझ्या पायांनी इथे आलो, कोणाच्या नावाने ढकलला गेलो नाही, आणि यापुढे जे होईल ते माझं आहे, त्याचं ओझं त्यांनी घ्यायचं नाही. सगळा राग गेला असंही म्हणालो नसतो. अजून कधी कधी येतो, मग जातो. पण त्यांनी पोटभर जेवावं असं मला वाटतं, हे मी नक्की सांगितलं असतं.

आता ते नाहीत, तेव्हा हे कोणाला सांगायचं ते तूच बघ.

तुझा धाकटा